मदतीच्या पैशातून प्रदेश उभा राहतो का?

उत्तररंग (धागाकर्ता)

१ जुलै २०२५ला यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, कारभार आटोपला. १९६१मध्ये केनेडींच्या काळात सुरू झालेली ही संस्था अमेरिकी परराष्ट्र खात्यात विलीन झाली. तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. ब्रिटनही त्याच वाटेवर आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायचीच असा कायदा त्यांनी २०१५मध्ये केला, २०२१मध्ये ते ०.५वर आले आणि २०२७पर्यंत ०.३वर जाणार आहेत. वाचलेला पैसा संरक्षणाला.

यावरचे वाद वाचून वैताग आला म्हणून हा धागा. एक बाजू म्हणते, लाखो मुलं मरतील. दुसरी म्हणते, साठ वर्षं पैसा ओतला तरी गरीब देश होते तिथेच आहेत. दोन्ही खरं असू शकतं, कारण दोघं वेगवेगळ्या पैशाबद्दल बोलतायत. एड्सच्या गोळ्या आणि 'अमुक डोंगराळ प्रदेशाचा एकात्मिक विकास' हे एकाच खात्यात टाकायचं आणि मग 'मदतीचा उपयोग होतो का?' असं विचारायचं, याला काही अर्थ नाही.

माझं मत सरळ लिहितो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल. लस, औषधं, दुष्काळ-भूकंप आणि गरिबांच्या हातात थेट रोकड, यासाठी परदेशी मदत द्यावी, वाढवावी. मागास प्रदेश 'विकसित' करायचे प्रकल्प मात्र बाहेरच्या पैशातून करणं बंद करावं.

लेसोथो बघा. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला चिमुकला देश. १९७५मध्ये तिथल्या थाबा-त्सेका या डोंगरी भागात जागतिक बँक आणि कॅनडाच्या पैशातून विकास प्रकल्प सुरू झाला. कागदावरचं निदान असं, की हे पारंपरिक शेतकरी बाजारापासून तुटलेत. रस्ता, सुधारित कुरणं आणि गुरांची बाजारपेठ दिली की व्यापारी पशुपालन करू लागतील. प्रत्यक्षात तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते आणि घरं त्या पगारावर चालत होती. गुरं ही पगारातून बाजूला काढलेली म्हातारपणाची पुंजी. ती अगदीच गळ्याशी आल्याशिवाय कोण विकतो? जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञानं हे सगळं तपशिलात लिहून ठेवलंय. प्रकल्पानं निवडक पशुपालकांचा संघ काढला आणि त्यांच्यासाठी चराईला कुंपण घातलं. लोकांनी कुंपण तोडलं, फाटकं पळवली, संघाच्या व्यवस्थापकाचं कार्यालय जाळलं. व्यापारी पशुपालन काही आलं नाही. रस्ता झाला आणि त्या रस्त्यानं सरकारी कचेऱ्या तेवढ्या डोंगरात पोचल्या.

बरं, हे फक्त परक्या पैशाचं दुखणं नाही. इटलीनं १९५०मध्ये आपल्या गरीब दक्षिणेसाठी 'कासा पेर इल मेत्सोजोर्नो' नावाचा निधी काढला. १९७०मध्ये प्रांताची राजधानी दुसऱ्या शहराला दिली म्हणून रेज्जो कालाब्रियात महिनोन्‌महिने दंगल पेटली. लोकांना शांत करायला सरकारनं जवळच जोया ताउरोला पोलाद कारखाना कबूल केला. बागा तोडल्या, बंदर खोदलं. तोवर युरोपातल्या पोलादधंद्यालाच घरघर लागली होती. कारखाना उभाच राहिला नाही. बंदरात १९९५पासून कंटेनर उतरू लागले, म्हणजे खोदलं एकासाठी आणि कामाला आलं भलत्यालाच.

मतदार मानगुटीवर बसलेले असताना स्वतःच्या देशात हे होतं. ज्या दात्याला तिथला माणूस मत देऊ शकत नाही की पाडू शकत नाही, त्याच्याकडून प्रदेश उभा राहील अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

सरळहिशेब

निम्म्यावरच का थांबलात? तुमचाच युक्तिवाद शेवटापर्यंत न्या की.

अँगस डीटन (२०१५चं अर्थशास्त्राचं नोबेल) हेच सांगतात, की सरकारला पैसा जनतेकडून मिळाला तर ते जनतेचं ऐकतं, बाहेरून मिळाला तर बाहेरच्यांचं. औषधांचा पैसासुद्धा बाहेरचाच असतो. दवाखाना दात्यांनी चालवायचा आणि सरकारनं स्वतःच्या पैशातून राष्ट्राध्यक्षांच्या गाड्यांचा ताफा चालवायचा, असं ते वाटप होतं.

आणि दाते कशासाठी देतात याचाही पुरावा आहे. कुझीमको आणि वर्कर यांनी २००६मध्ये दाखवलं, की एखादा देश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर दोन वर्षांसाठी निवडून गेला की त्याला मिळणारी अमेरिकी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते. गरिबी तेवढीच, फक्त मताला भाव आला. पैसा जातो कुठे तेही बघा. मदतीवर सर्वाधिक विसंबून असलेल्या २२ देशांचा एक अभ्यास आहे. जागतिक बँकेचा हप्ता ज्या तिमाहीत मिळतो, त्याच तिमाहीत त्या देशातून करचुकव्यांच्या स्वर्गात जाणाऱ्या ठेवी वाढतात. अंदाजे गळती साडेसात टक्के. हे मोठे प्रकल्प की छोटे, लस की रस्ता, याचा काडीचाही संबंध नाही.

तिरकस

आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे ठाऊक होतं. इथली बायजी त्याच्याही पुढची आहे. अमेरिकेच्या अन्नमदतीचं निम्मं धान्य अमेरिकी झेंड्याच्याच जहाजांतून गेलं पाहिजे असा कायदा आहे, आणि पूर्वी तो वाटा ७५ टक्के होता. दुष्काळ पडो न पडो, जहाजवाल्यांचं पीक दरसाल उत्तम.

उत्तररंग

@सरळहिशेब, डीटनना पूर्ण वाचा. लसीकरणासारख्या मोहिमांनी जीव वाचले हे ते नाकारत नाहीत. साडेसात टक्के गळती म्हणजे साडेब्याण्णव टक्के त्या वाटेनं गेले नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे.

नदीकाठ

धागाकर्त्यांची रेघ सुबक आहे: इकडे आरोग्य, तिकडे प्रदेश. ती पुसणारं एक उदाहरण देतो, जरा सविस्तर.

पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यात 'नदीअंधत्व' नावाचा रोग होता. वेगानं वाहणाऱ्या पाण्यात काळ्या माशीची पैदास होते, ती चावली की शरीरात जंत शिरतो, आणि वर्षानुवर्षं चावे खाल्ले की माणूस आंधळा होतो. काही गावांत चाळिशीपुढचे कित्येक लोक असे आंधळे. त्यामुळे झालं काय, तर सगळ्यात सुपीक जमीन नदीकाठची आणि तीच ओसाड. लोक वर माळावर, हलक्या जमिनीवर गर्दी करून राहत होते. १९७२मध्ये जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅकनमारा तिकडे गेले. काठीचं एक टोक लहान मुलाच्या हातात आणि दुसरं टोक धरून मागे चालणारी आंधळी मोठी माणसं त्यांनी पाहिली.

१९७४मध्ये कार्यक्रम सुरू झाला. हेलिकॉप्टरमधून नद्यांत अळीनाशक टाकायचं, तेही आठवड्याच्या आठवड्याला, कारण माशीची नवी पिढी तयार व्हायला तेवढेच दिवस लागतात. आणि हे करत राहायचं वर्षानुवर्षं, कारण माणसाच्या शरीरातला जंत दहा-पंधरा वर्षं जगतो. तो आपल्या मरणानं मरेपर्यंत माशी परत येता कामा नये. १९८७पासून मर्क कंपनीनं आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं औषध फुकट दिलं. २००२मध्ये कार्यक्रम संपला तेव्हा ११ देश त्यात होते, सुमारे ६ लाख लोकांचं अंधत्व टळलं होतं आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वहितीसाठी आणि वस्तीसाठी मोकळी झाली होती.

आता सांगा, हा आरोग्याचा कार्यक्रम होता की प्रादेशिक विकासाचा? पैसा परदेशी होता. दात्यांना तिथलं कोणी पाडू शकत नव्हतं. तरीही अख्ख्या पट्ट्याचा नकाशा बदलला. जे एका सरकारला एकट्यानं करता येत नव्हतं, कारण माशीला सीमा कळत नाही, ते बाहेरच्या पैशानंच झालं.

तिरकस

आता धागा पेटणार. मी पुढच्या रांगेत.

आकडेबाज

धागाकर्त्यांनी दोन फसलेले प्रकल्प निवडले, नदीकाठांनी एक जमलेला. असं खेळत बसलो तर रात्र पुरायची नाही. मोजमाप काय सांगतं ते बघू.

आधी देशपातळी. २०००मध्ये बर्नसाइड आणि डॉलर यांचा शोधनिबंध आला: जिथे आर्थिक धोरणं चांगली, तिथे मदतीनं वाढ होते. दात्यांना नेमकं हेच ऐकायचं होतं. शहाण्या मुलांनाच खाऊ! अमेरिकेनं २००४मध्ये मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन काढलं ते याच विचारावर: देशांना गुण द्यायचे आणि पास होतील त्यांना पैसा. त्याच वर्षी ईस्टर्ली, लेव्हिन आणि रूडमन यांनी तीच पद्धत घेतली, तेच सूत्र घेतलं, फक्त आणखी वर्षं आणि आणखी देश भरले. निष्कर्ष विरघळला. २००८मध्ये रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांनी सगळ्या बाजूंनी आकडे पिळून पाहिले. मदतीनं वाढ होते याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. @सरळहिशेब, टाळ्या वाजवण्याआधी पुढचं वाक्य: मदतीनं वाढ खुंटते याचाही मिळाला नाही. मुळात मदत जाते अडचणीतल्या देशांकडे, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे देशांच्या सरासऱ्यांतून सोडवणं फार अवघड आहे.

प्रदेशांचा पुरावा मात्र बराच बरा आहे, आणि त्याचं श्रेय युरोपियन युनियनच्या एका आडमुठ्या नियमाला. दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर त्या प्रदेशाला मोठा निधी मिळतो, वर असेल तर नाही. ७४वाला आणि ७६वाला प्रदेश तसे सारखेच; फरक फक्त निधीचा. बेकर, एगर आणि फॉन एअरलिख यांनी २०१०मध्ये ही तुलना केली. निधी मिळालेल्या प्रदेशांची दरडोई उत्पन्नवाढ वर्षाला सुमारे १.६ टक्केबिंदूंनी जास्त निघाली. रोजगारावर परिणाम दिसला नाही. मग २०१३मध्ये त्यांनीच विचारलं, की हा फायदा सगळ्यांना झाला का? तर नाही. जिथे शिकलेली माणसं आणि बरं प्रशासन होतं अशा साधारण ३० टक्के प्रदेशांनाच तो झाला. बाकीच्यांचा पैसा वाळूत गेला.

म्हणजे 'प्रदेश उभा राहतच नाही' हे चूक. पण ज्यांच्याकडे पैसा पचवायची ताकद आहे त्यांनाच तो पचतो, आणि ज्यांच्याकडे ती नाही तेच सर्वांत गरीब असतात. खरी अडचण ही आहे. तिचं उत्तर धागाकर्त्यांकडे नाही आणि नदीकाठांकडेही नाही.

मुक्काम_पोस्ट

मी आकडे जमवणाऱ्यांच्या बाजूला काम केलंय, म्हणून थोडं लिहितो. एका दाता संस्थेच्या पैशावर चाललेला ग्रामीण पाणीपुरवठ्याचा प्रकल्प होता, नाव सांगत नाही. दर तिमाहीला तक्ता भरून पाठवायचा. रकाने: हातपंप मंजूर, हातपंप बसवले, लाभार्थी संख्या. 'हातपंप चालू' असा रकानाच नव्हता. मी विचारलं तर उत्तर आलं, की देखभाल हा यजमान सरकारचा विषय आहे, आपल्या आराखड्यात येत नाही. वॉशर गेला म्हणून बंद पडलेला पंप आमच्या तक्त्यात कायम जिवंत. लाभार्थीसुद्धा पंपाला अमुक माणसं असा ठरलेला आकडा, गुणाकार करून काढलेले. वॉशरची किंमत म्हणाल तर चिल्लर, पण तो आणून बसवणारा माणूस पगारी हवा, आणि पगार हा 'आवर्ती खर्च'. आवर्ती खर्चाला दाते हात लावत नाहीत.

त्यामुळे धागाकर्त्यांनी केलेली आरोग्य-प्रदेश ही फोड मला पटत नाही. मी ज्यात काम केलं तो प्रकल्प आरोग्याच्याच खात्यात होता, शुद्ध पाणी म्हणून! खरी फोड मुदतीची आहे. तीन वर्षांचा प्रकल्प असला की फीत कापण्याजोगी वस्तू बांधली जाते. नदीअंधत्वाचा कार्यक्रम २८ वर्षं चालला. जंत किती जगतो यावरून मुदत ठरवली, दात्याच्या आर्थिक वर्षावरून नाही. नदीकाठांच्या उदाहरणात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं.

मधलीसीट

जरा अवांतर, पण लोकमताचा मुद्दा राहिला. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला २०००पासून युरोपचा वरच्या श्रेणीचा निधी मिळत होता, तोच ७५ टक्क्यांचा नियम. रस्ते, विद्यापीठाचा परिसर, वेगवान इंटरनेट. २०१६मध्ये तिथल्या ५६.५ टक्के मतदारांनी युरोप सोडायला मत दिलं, आणि लगेच तिथल्या प्रशासनानं लंडनकडे मागणी केली की आमचा तेवढाच निधी चालू ठेवा. निधी देऊन कृतज्ञता मिळते या भ्रमात कोणी राहू नये. अमेरिकी मतदाराचंही तेच: जनमत चाचण्यांत तो सरासरी म्हणतो की केंद्रीय खर्चाचा चौथा हिस्सा परदेशी मदतीवर जातो. जातो जेमतेम एक टक्का.

सरळहिशेब

@मधलीसीट, एक टक्का असो नाहीतर चतकोर, पैसा कोणाचा हा प्रश्न उरतोच.

@मुक्काम_पोस्ट, तुमचा तक्ता हाच माझा पुरावा. तो हातपंप तिथल्या पंचांनी स्वतःच्या करातून बसवला असता तर बंद पडल्यावर त्यांच्या दारात मोर्चा गेला असता. दात्याच्या दारात कोण जाणार?

आणि पैसा बंद झाला की काय होतं तेही २०२५मध्ये दिसलं. अमेरिकेनं हात आखडता घेतल्यावर काही आठवड्यांतच नायजेरियाच्या संसदेनं आरोग्यासाठी २० कोटी डॉलरची जादा तरतूद मंजूर केली. म्हणजे पैसा होता. मग इतकी वर्षं तो कुठे होता?

मुक्काम_पोस्ट

नायजेरिया तेल विकतो हो. मलावी काय विकणार, तंबाखू? तिथे आरोग्यावरच्या एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा दात्यांचा होता. उपचार चालू असलेल्या एचआयव्ही रुग्णाची गोळी थांबली की विषाणू पुन्हा वाढतो. 'स्वावलंबन शिका' म्हणायला तुम्हाला तीन वर्षं चालतात, त्याला काही आठवड्यांतच फरक पडतो. हळूहळू कमी करणं आणि ट्रम्प यांनी २० जानेवारीला शपथ घेऊन त्याच दिवशी मदतीला ९० दिवसांची स्थगिती देणं, यातला फरक तुमच्या सरळ हिशेबात कुठे बसतो?

सरळहिशेब

पद्धत वाईट होती, मान्य. पण 'हळूहळू' म्हणत १९७०पासून संयुक्त राष्ट्रांचा ०.७ टक्के मदतीचा ठराव चाललाय. हळूहळूची तारीख सांगा ना कोणीतरी.

मधलीसीट

'लॅन्सेट'मध्ये जुलै २०२५मध्ये अंदाज आला होता, की ही कपात तशीच राहिली तर २०३०पर्यंत १ कोटी ४० लाख जादा मृत्यू, त्यातली ४५ लाख पाच वर्षांखालची मुलं. त्यावर कोणीच बोललं नाही?

आकडेबाज

कारण ते प्रतिमान आहे, मोजणी नाही. मागच्या वीसेक वर्षांत ज्या देशांना जास्त मदत गेली तिथे मृत्युदर किती घटला हे काढून तेच पुढे ताणलंय. दुसरे दाते किंवा ती सरकारं काय करतील हे त्यात धरणं कठीण. मी तो आकडा घोषणेसारखा वापरणार नाही. एचआयव्हीवरच्या अँटिरेट्रोव्हायरल गोळीनं माणूस जगतो याला मात्र प्रतिमान लागत नाही, त्यामुळे आकडा निम्मा निघाला तरी मुक्काम_पोस्ट यांचा मुद्दा हलत नाही.

उत्तररंग

नदीकाठांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

नदीअंधत्वाचं उदाहरण मी माझ्याच बाजूनं वाचतो. त्यात दात्यांनी केलं काय? एक माशी मारली. एकच काम, मोजता येणारं: इतक्या सापळ्यांत इतक्या माश्या. रिकाम्या खोऱ्यात कोणी कुठे राहावं, काय पेरावं, गुरं विकावीत की राखावीत हे त्यांनी ठरवलं असतं तर तिथेही थाबा-त्सेका झालं असतं. लोक बहुतेक आपले आपण उतरले नदीकाठी. प्रदेश उभा राहिला असेल तर तो लोकांनी केला. मी विरोध करतोय तो आराखड्याला.

डेनिस एगर (वरचे एगर वेगळे) आणि मंडळींनी केनियात रोख रकमेचा जो प्रयोग अभ्यासला तो म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. ६५३ गावं, साडेदहा हजारांच्या आसपास कुटुंबं, प्रत्येकी सुमारे १००० डॉलर, कशावर खर्च करा असं न सांगता. एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत साधारण अडीच डॉलरची उलाढाल झाली आणि महागाई नगण्य वाढली. ज्यांना पैसा मिळाला नाही अशा शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं. हा प्रादेशिक विकासच आहे. फक्त त्याला प्रकल्प संचालक नाही आणि पांढरी जीप नाही.

नदीकाठ

म्हणजे जमलं की ते 'लोकांनी केलं', फसलं की 'आराखड्यानं केलं'. चलाख आहात राव.

रोकड उत्तम, माझा विरोध नाही. पण रोकड वाटून पूल होत नाही. अमेरिकेतलं टेनेसी खोऱ्याचं महामंडळ घ्या, १९३३चं. धरणं, वीज, रस्ते, सगळा सरकारी आराखडा. क्लाइन आणि मोरेट्टी यांनी २०१४मध्ये त्याचा दीर्घ हिशेब मांडला. निधी आटल्यावर शेतीतला फायदा ओसरला, पण कारखानदारीतले रोजगार पुढची कित्येक दशकं वाढत राहिले. वीज घरोघर पैसे वाटून आली नसती.

आकडेबाज

तोच निबंध पूर्ण सांगा की. कारखानदारी त्या खोऱ्यात वाढली, पण उद्योग एका जागी गोळा झाल्याचा जो जादा फायदा तिथे झाला तेवढाच इतरत्र गमावला, असं त्यांचं गणित आहे. देशाचा निव्वळ लाभ थेट पायाभूत सुविधांतून आला, 'धक्का देऊन उद्योग आणले' यातून नाही. खोऱ्यासाठी छान, देशासाठी बेताचं.

नदीकाठ

इथेच तर प्रादेशिक धोरण आणि परदेशी मदत यांत फरक पडतो. २००९मध्ये जागतिक बँकेच्या वार्षिक अहवालाची भूमिका होती, की जागांवर पैसा घालू नका, माणसांना जिथे संधी आहे तिथे जाऊ द्या. त्याच वर्षी युरोपीय आयोगासाठी फाब्रित्सिओ बार्का यांनी नेमकं उलट मांडलं: प्रत्येक जागेची ताकद वेगळी, धोरण जागेप्रमाणे आखा. एका देशाच्या आत बँकेचं म्हणणं निदान तर्काला धरून आहे. कालाब्रियाचा पोरगा मिलानला जाऊ शकतो, टेनेसीचा शिकागोला. लेसोथोच्या माणसाला तुम्ही कुठे जाऊ देणार आहात? जे देश मदत कापतायत तेच सीमा बंद करतायत. वर ब्रिटननं २०२३मध्ये मदतीच्या रकमेतला पावाहून जास्त पैसा स्वतःच्याच देशात आलेल्या निर्वासितांच्या राहण्याखाण्यावर खर्च केला आणि तो नियमानुसार 'मदत' म्हणूनच मोजला. माणूसही हलू द्यायचा नाही आणि जागेवरही पैसा घालायचा नाही, ही तुमची भूमिका त्यांच्या सोयीची आहे.

उत्तररंग

सीमांचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या यादीत स्थलांतर हवंच. परदेशात कमावणारे लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरी जो पैसा पाठवतात तो अधिकृत मदतीच्या कितीतरी वर गेलाय, आणि तो पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो. संयुक्त राष्ट्रांचं २०३०चं लक्ष्य तीन टक्क्यांखालचं आहे. तेवढं केलं तरी कुठल्याही प्रादेशिक प्रकल्पापेक्षा जास्त पैसा त्या डोंगरात पोचेल.

पूल आणि विजेबद्दल: ते तिथल्या सरकारनं करावं. द्यायचंच असेल तर दात्यांनी पैसा सरळ त्यांच्या अर्थसंकल्पात द्यावा, स्वतःचा आराखडा घेऊन येऊ नये. पंपाच्या वॉशरचा पगारी माणूस त्यातूनच ठेवता येतो. @मुक्काम_पोस्ट, तुमचा आवर्ती खर्च.

सरळहिशेब

वा! फिरून फिरून आलात कुठे, तर सरकारच्या तिजोरीत. हेही करून झालंय हो. मदत यजमान सरकारच्याच यंत्रणेतून द्या म्हणणाऱ्या २००५च्या पॅरिस जाहीरनाम्यानंतर हीच फॅशन होती. मग युगांडात २०१२मध्ये काय झालं? उत्तर युगांडा, वीस वर्षं यादवीत होरपळलेला भाग. त्याच्या पुनर्उभारणीसाठी आयर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडननं दिलेले सुमारे १२ दशलक्ष युरो पंतप्रधान कार्यालयातल्या लोकांनी आपल्या खात्यांत वळवले. मोझांबिकमध्ये २०१६मध्ये दोन अब्ज डॉलरच्या आसपासची लपवलेली कर्जं बाहेर आली आणि दात्यांनी अर्थसंकल्पी मदत थांबवली. तुमचा वॉशरवाला बसला वाट बघत.

मुक्काम_पोस्ट

युगांडाची चोरी पकडली कोणी ते लिहायचं राहिलं. दात्यांच्या सल्लागारांनी नाही. युगांडाच्याच महालेखापालांनी, स्वतःच्या अहवालात. आयर्लंडला ४० लाख युरो परतही मिळाले. आमच्या हातपंपांच्या तक्त्याचं असं लेखापरीक्षण कधी झालं नाही, कारण तो पैसा कुठल्याच देशाच्या महालेखापालाच्या कक्षेत येत नव्हता. चोरी सापडली ती पैसा अर्थसंकल्पात होता म्हणून.

सरळहिशेब

आयर्लंडला परत मिळाले. उत्तर युगांडाला?

मुक्काम_पोस्ट

नाही. चोरी पंतप्रधान कार्यालयात झाली आणि मदत थांबली ती प्रदेशाची.

नदीकाठ

धागाकर्ते, मदत थांबवताना जिल्हा आणि राजधानी वेगळी करता येते का, यावर तुमचं म्हणणं वाचायला आवडेल. अर्थसंकल्पात द्या म्हणालात, तर ही अट तुम्हालाच सोडवावी लागेल.

उत्तररंग

करता येते, पण अर्धीच. पैसा खात्यागणिक बांधून द्यायचा, म्हणजे परिचारिकांचे पगार आणि औषधखरेदी वेगळ्या खात्यात, आणि घोटाळा झाला तरी ते खातं शेवटी बंद करायचं. यात सरळहिशेब म्हणतील की मग सरकार स्वतःचा तेवढाच पैसा तिथून काढून ताफ्यावर लावेल. लावेल, काही प्रमाणात. तेवढी गळती धरूनही मला ते थाबा-त्सेकाच्या कुंपणापेक्षा परवडतं.

सरळहिशेब

मला नाही परवडत.